मारुती ८०० चा गंजलेला तळ: लांबी भरायची की पत्रा कापायचा?

गुहागरहून एकांनी विचारलं आहे. वडिलांनी घेतलेली १९९८ ची मारुती ८००, इंजिन ठणठणीत. पण ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा दाबला की खाली जातो, दोन्ही रनिंग बोर्डांचे खालचे काठ खाऊन गेलेत आणि पुढच्या फेंडरवर चाकाच्या मागे फोड आलेत. एक डेंटर म्हणतो, फायबर आणि लांबी (पुट्टी) भरून वरून डांबर मारतो, आठवड्यात गाडी घेऊन जा. दुसरा म्हणतो, भंगारात घाला. कोणाचं ऐकायचं?

दोघांचंही ऐकू नका. तुम्ही वर्णन केलेली अवस्था बहुतेक वेळा दुरुस्त होते आणि नीट केली तर टिकते. मात्र ती पत्र्याला पत्रा जोडूनच करावी लागते. याचं कारण गाडीच्या घडणीत आहे. महिंद्राच्या जुन्या जीपला खाली वेगळी चासी असते, तिचा तळ सडला तरी चासी गाडी पेलते. मारुती ८०० ला किंवा प्रीमिअर पद्मिनीला अशी चासी नाही. तळ, रनिंग बोर्ड, मधला उंचवटा, छताचे खांब हे सगळं मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. रनिंग बोर्ड म्हणजे दाराखालची शोभेची पट्टी नव्हे, ती भार घेणारी बंद पेटी आहे. बाजूने धडक बसली तर माणसाच्या आणि समोरच्या गाडीच्या मध्ये दाराखेरीज एवढाच पत्रा असतो. तिथे फायबरचा तुकडा चिकटवला तर भोक दिसेनासं होतं, ताकद येत नाही. शिवाय फायबरखाली राहिलेला गंज आपलं काम चालूच ठेवतो, फक्त आता तो तुम्हाला दिसत नाही.

गंज आतून बाहेर येतो, ही गोष्ट आधी मनात पक्की करा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. फेंडरवर फोड दिसतो तेव्हा लोक म्हणतात, रंग खराब झाला. खरं तर मागच्या बाजूने पत्रा पोखरत आलेला असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. फोड टोचा, बहुतेक वेळा टोक आरपार जाईल. कोकणात यात मिठाची भर पडते. खारवट धूळ पोकळीत एकदा बसली की हवेतलं पाणी ओढून घेते, त्यामुळे पाऊस संपला तरी आतला पत्रा ओलसर राहतो. आणि लाल माती! ती चाकाच्या कमानीत, मडगार्डच्या घडीत थापली जाते, आठवडेच्या आठवडे ओल धरते, शिवाय तिचा रंग गंजासारखाच असल्यामुळे खाली वाकून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. तळ जोरदार पाण्याने धुतल्याशिवाय कोणत्याही डेंटरने दिलेला अंदाज घेऊ नका. चिपळूणला जुलै २०२१ च्या पुरात बुडालेली गाडी असेल तर रनिंग बोर्डाच्या आत गाळ आहे असंच धरून चाला.

आता पहिलं काम. ते वेल्डिंगचं नाही, पाणी कुठून येतं ते शोधण्याचं आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा क्वचितच खालून उडणाऱ्या पाण्याने सडतो. पुढच्या काचेचं रबर कडक होतं, त्याच्या खालच्या काठाशी पत्रा गंजतो, पाणी डॅशबोर्डच्या मागून उतरतं आणि चटईखालच्या जाड नमद्यात साठतं. वरून चटई कोरडी, खाली नमदा पिळला तर पाणी निघेल, असं पावसाळ्यात हमखास सापडतं. दुसरी वाट दारांतून. दाराच्या आतल्या पॅनेलमागे प्लास्टिकचा कागद असतो. खिडकीचं हँडल दुरुस्त करताना तो फाडतात आणि परत लावत नाहीत. मग काचेवरून दारात उतरलेलं पाणी दाराखालच्या भोकांतून बाहेर पडण्याऐवजी गाडीत येतं. ती भोकंही पानांनी, मातीने बुजलेली असतात, त्यामुळे दाराचा खालचा काठ सडतो. तिसरी वाट म्हणजे वायरी आणि केबल जिथून आत येतात तिथली रबरी बुचं.

शोधायची पद्धत सोपी आहे. सीट, चटई, नमदा काढा. एकाला टॉर्च घेऊन आत बसवा, दुसऱ्याने पाइपने पाणी सोडायचं, पण खालून वर. आधी दाराचा तळ, मग दाराची काच, मग पुढच्या काचेचा खालचा काठ, शेवटी छत. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या सांध्यांवरून ओघळतं आणि नेमका कोणता गळतो ते कळत नाही. ही गळती थांबवली नाही तर नवा पत्राही काही पावसाळ्यांतच जाईल, मग वेल्डिंग कितीही सुंदर असो.

त्यानंतर किती सडलंय ते पाहायचं. छोट्या हातोडीने सगळीकडे ठोका. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला किंवा लांबी भरलेला भद्द आवाज देतो. पातळ फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे आधीच कोणीतरी जाड लांबी भरून ठेवली आहे. जुना बोथट स्क्रू ड्रायव्हर घेऊन संशयाच्या जागी दाबा, लाजू नका. जो पत्रा स्क्रू ड्रायव्हरने फाटतो तो गाडी पेलत नव्हताच. रात्री आतून दिवा लावून खालून पाहिलं की बारीक भोकंसुद्धा चमकतात. या तपासणीत तीन जागा सगळ्यात महत्त्वाच्या: बॉनेटखाली पुढचे शॉकॲब्सॉर्बर वर जिथे बोल्टने बसतात ते घुमट, मागच्या ॲक्सलचे आर्म तळाला जिथे जोडले आहेत त्या जागा, आणि सीटबेल्ट व सीटचे बोल्ट. या तिन्ही ठिकाणी पत्रा जाड आणि घट्ट असेल तर गाडी वाचवा. पुढचे घुमट आणि मागच्या आर्मच्या जागा दोन्ही सडल्या असतील तर मी स्वतः नको म्हणेन. करता येत नाही असं नाही, पण तेव्हा सांगाडा सरळ धरण्यासाठी जी साधनं आणि वेळ लागतो तो जवळजवळ कोणत्याही गॅरेजात मिळत नाही, आणि अर्धवट केलेलं ते काम रस्त्यावर जीवघेणं ठरतं.

गंजाच्या तीन अवस्था धरा. नुसता वरवरचा तांबूस थर, खाली पत्रा पूर्ण जाडीचा: तो घासून काढता येतो. खड्डे पडलेला, काळे ठिपके दिसणारा पत्रा: इथे ग्राइंडरला लावलेला तारेचा ब्रश फसवतो. तो गंजाला घासून चकचकीत करतो, काढत नाही. आधी ग्राइंडरला ८० नंबरची फ्लॅप डिस्क (पॉलिश कागदाच्या पाकळ्यांची चकती), मग खड्ड्यांत उरलेल्या गंजासाठी फॉस्फोरिक ॲसिड असलेलं द्रावण. ते ओलं ठेवून काम करू द्यायचं, नंतर पाण्याने धुऊन लगेच पूर्ण वाळवायचं. ॲसिड पत्र्यावर राहिलं तर त्यावर इपॉक्सी प्रायमर (रंगाआधीचा, पाणी अडवणारा अस्तराचा थर) धरत नाही. बाजारात ‘गंजावर थेट लावा, गंज काळा होऊन थांबतो’ अशी द्रावणं मिळतात. घट्ट बसलेल्या पातळ गंजावर ती उपयोगी पडतात, सुटणाऱ्या खपल्यांवर अजिबात नाही. आणि तिसरी अवस्था, पापुद्रे सुटलेला किंवा भोक पडलेला पत्रा. त्याला औषध नाही. तो कापायचा.

कापताना कंजूषपणा करू नका. भोकाच्या कडेपासून मागे सरकत जा, जिथे पत्रा घासल्यावर पांढरा चकाकतो आणि जाडीने पूर्ण आहे तिथपर्यंत, आणि त्याच्याही पुढे दोन-तीन सेंटिमीटर. पातळ झालेल्या पत्र्यावर वेल्डिंगचा टाका बसतच नाही, भोक वाढत जातं, आणि मग डेंटर कंटाळून लांबीचा डबा उघडतो.

रनिंग बोर्ड कापण्याआधी एक गोष्ट करायलाच हवी आणि घाईत ती वगळली जाते. दार बसवलेलं असताना दाराभोवतीच्या फटी मोजून लिहून ठेवा. मग दार काढून त्या चौकटीत आडवा एक लोखंडी पाइप टाक्यांनी तात्पुरता जोडा. गाडी सपाट जमिनीवर, तिचं वजन चाकांवर किंवा सस्पेन्शनच्या जागी दिलेल्या स्टँडवर हवं. मधोमध जॅक लावून नको. एका वेळी एकच बाजू. दोन्ही बाजूंचे रनिंग बोर्ड एकदम कापले तर गाडी मधून बसते आणि नंतर दार आयुष्यभर ओढून लावावं लागतं. नवा तुकडा आधी फक्त टाक्यांवर धरा, दार लावून फटी पुन्हा मोजा, जमल्या तरच पुढे जा.

रनिंग बोर्डाला बाहेरचा आणि आतला असे दोन थर असतात, काही ठिकाणी मध्ये आणखी एक मजबुतीची पट्टी. जुन्या गाड्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते: आतला थर सडलेलाच ठेवून बाहेरून नवा पत्रा मढवतात. रंग दिल्यावर कोणालाच कळत नाही. म्हणून बाहेरचा थर कापून झाला की स्वतः जाऊन आत पाहा आणि फोटो काढा. आतला थर आधी दुरुस्त होतो, मग बाहेरचा. डेंटरशी बोलताना ही अट पहिल्याच दिवशी घाला.

पत्रा कोणता? तळाला २० गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिमीचा, सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा. बाहेरच्या दिसणाऱ्या भागाला २२ गेज, साधारण ०.७ मिमी. जाड पत्रा घातला की मजबुती वाढते असं समजून १६ गेज ठोकणारे भेटतात. जाड आणि पातळ पत्रा एकत्र वेल्ड करताना पातळ जळतो, आणि वळणाच्या जागी जाड पत्रा आकार घेत नाही. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा गंजत नाही म्हणून मोह होतो. पण वेल्डिंगच्या उष्णतेने त्यावरचा जस्ताचा थर जळतो, त्या धुराने थंडी वाजून ताप येतो, आणि ज्या सांध्याला संरक्षण हवं तिथेच जस्त उरत नाही. वापरायचाच तर कडेचं जस्त घासून काढून, उघड्या हवेत. आधी जाड कागदाचा साचा कापा, तो जागी बसवून पाहा, मगच पत्र्याला हात घाला. तुकड्याचे कोपरे गोल ठेवा. आणि मूळ तळाला ज्या उंच-सखल पन्हाळी दाबलेल्या आहेत त्या तुमच्या तुकड्यातही उतरवा. सपाट पत्रा घातला तर तो चालत्या गाडीत डबडब वाजत राहतो आणि लवतो.

वेल्डिंगबद्दल माझं मत ठाम आहे: सीओटू वेल्डिंग (कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात वायर वितळवणारं), ०.८ मिमीची किंवा मिळाली तर त्याहून बारीक वायर. गॅस वेल्डिंगवर सुंदर काम करणारे जुने कारागीर आहेत, त्यांचा हात बघत राहावा असा असतो. पण पातळ पत्र्याला गॅसची उष्णता फार दूरपर्यंत लागते, पत्रा लहरतो आणि आतल्या बाजूचा रंग मोठ्या पट्ट्यात जळतो. साध्या आर्क वेल्डिंगची काडी तर या पत्र्याला लावूच नये. सीओटूनेही एकटाकी ओढत जायचं नाही. एक टाका इथे, दुसरा समोरच्या कडेला, तिसरा कोपऱ्यात, मधल्या वेळात पत्रा हाताला सोसवेल इतका निवू द्यायचा. असं फिरत फिरत टाक्यांमधलं अंतर भरत आणायचं. तळाला तुकडा कडेवर कड चढवून जोडला तरी चालतं, पण दोन थरांमध्ये जस्ताचं प्रायमर हवं आणि नंतर दोन्ही बाजूंनी सीम सीलर, म्हणजे सांधा बुजवणारी लवचिक पेस्ट. पॉप रिवेटने मारलेला ठिगळ भार घेणाऱ्या भागात नको.

वेल्डिंगची मशीन गाडीजवळ आणण्याआधी सुरक्षेकडे पाहा. मारुती ८०० ची पेट्रोलची टाकी मागे, तळाखाली आहे आणि पेट्रोलचे व ब्रेकचे पाइप तळाच्या खालून धावतात. मागच्या सीटच्या आसपास काम असेल तर टाकी काढूनच ठेवा. ‘टाकी रिकामी केली आहे’ हे पुरेसं नाही. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि वाफच भडकते. एलपीजी किंवा सीएनजीचं किट असेल तर सिलिंडर अधिकृत किटवाल्याकडून उतरवून घ्या. बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवा, अल्टरनेटरची जोडणीही सोडवलेली बरी. सीटचा फोम, नमदा, वायरींचा जुडगा बाजूला. हाताशी अग्निशामक, आणि वेल्डिंग थांबल्यावर अर्धा तास तरी कोणीतरी गाडीजवळ थांबलं पाहिजे. नमद्याचा तुकडा आत धुमसत राहतो आणि सगळे जेवायला गेल्यावर पेट घेतो.

वेल्ड झालेला पत्रा कोकणात रात्रभर उघडा ठेवू नका, सकाळी तांबूस झालेला असतो. घाम लागलेल्या हाताने त्याला स्पर्शही नको. थिनरने पुसून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. रेड ऑक्साइड स्वस्त आहे, गेटला आणि ग्रिलला ठीक आहे. पण ते आणि साधं सरफेसर (रंगाआधीचं साधं अस्तर) ओल शोषतं, इपॉक्सी पाण्याला अडवतं. लांबीचंही तसंच. लांबीला माझा विरोध नाही, तिच्या जागी ती हवीच. बाहेरच्या पत्र्याचा आकार सफाईदार करायला, इपॉक्सीवर, दोन-तीन मिलिमीटरपर्यंत. उघड्या पत्र्यावर थेट लावलेली लांबी ओल ओढते आणि भोकावर लावलेली लांबी तर दोन्ही बाजूंनी भिजते. रंगासाठी टू-के पेंट (हार्डनर मिसळून वापरायचा दोन भागांचा रंग) वापरणार असाल तर त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसाला कायमचा त्रास देऊ शकतं आणि साधा कापडी किंवा धुळीचा मास्क ते अडवत नाही. हे काम घराच्या पडवीत करू नका, बूथ असलेल्या पेंटरकडे द्या.

तळाला खालून अंडरबॉडी कोटिंग द्या, पण इपॉक्सी आणि सीम सीलर झाल्यावरच. आता त्या डेंटरने सुचवलेल्या डांबराबद्दल. गंजावर मारलेलं डांबर पहिल्या वर्षी छान काळं दिसतं. मग ते कडक होतं, तडकतं, तड्यातून पाणी मागे शिरतं आणि बाहेर पडत नाही. माझ्याकडे डांबर मारलेली गाडी आली की मी आधी ते खरवडायला घेतो आणि त्याखालचा पत्रा बहुधा ते न मारलेल्या गाडीपेक्षा वाईट असतो. काही जण तळाला जळकं इंजिन ऑइल फवारतात. त्याने रबरी बुश फुगतात, ब्रेकवर गेलं तर गाडी थांबत नाही, आणि पावसात ते सगळं अंगणातून विहिरीकडे जातं. तेही नको.

सर्वात शेवटी, रंग पूर्ण झाल्यावर, बंद पोकळ्यांमध्ये कॅव्हिटी वॅक्स. रनिंग बोर्ड, दारांचे तळ, डिकीच्या दाराची आतली घडी. लांब नळीने आत फवारतात, ते सांध्यांत झिरपतं आणि मऊ राहतं. वेल्डिंगमुळे आतल्या बाजूचा रंग जळालेला असतो आणि तिथे ब्रश पोहोचत नाही, म्हणून हे वॅक्स सोडलं तर सगळी मेहनत आतून पोखरायला लागते. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा टाळलं जाणारं काम हेच, कारण गिऱ्हाइकाला ते दिसत नाही. वॅक्स वाहून थांबलं की तळाची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करून घ्या.

फेंडरचा प्रश्न सोपा आहे. ८०० चा पुढचा फेंडर बोल्टने बसतो, त्याला ठिगळ लावत बसू नका, बदला. गाडीचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं तरी मुंबईत कुर्ल्याला आणि पुण्यात नाना पेठेत पत्र्याचे भाग मिळतात. नव्या भागावरचा काळा थर वाहतुकीपुरता असतो, तो घासून आतून-बाहेरून इपॉक्सी दिल्यावरच बसवा. जुना फेंडर काढल्यावर मागे चाकाच्या बाजूला पत्र्याची जी घडी दिसते तिथली माती खरवडा, दाराच्या बिजागरीखालचा पत्रा तिथूनच सडतो.

कागदपत्रांचंही पाहा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरणाला येते, तेव्हा आरटीओ गाडी तपासतं. चासी नंबर ज्या पत्र्यावर ठोकला आहे तो भाग कापू नका, घासू नका, त्यावर लांबी येऊ देऊ नका. तिथेच गंज असेल तर आधी आरटीओत विचारा. रंग बदलायचा असेल तर त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते.

वेळ दिवाळीनंतरची. नोव्हेंबर ते एप्रिल हवा त्यातल्या त्यात कोरडी असते, मेच्या शेवटी घाईने दिलेल्या रंगाला दमटपणामुळे पांढुरकी झाक येते. तोपर्यंत गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळून ठेवू नका, तिच्याखाली पत्रा सतत घामेजलेला राहतो. गवतावरून गाडी काढून फरशीवर किंवा चिऱ्यांवर लावा, ओला नमदा आजच काढून टाका, आणि किनाऱ्यावर वाळूत गाडी नेणं बंद करा. नेलीच तर त्याच दिवशी तळ गोड्या पाण्याने धुवा.

तळ धुऊन, चटई काढून, रनिंग बोर्ड आतल्या बाजूने दिसेल असे फोटो काढलेत तर आतला थर किती उरलाय ते सांगता येईल. मागच्या आर्मच्या जागांचे फोटो मात्र जवळून आणि उजेडात हवेत.